राखेत गाडलेले गेंडे बघायला नेब्रास्काला जायचं तर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोरगी ओमाहाला राहते म्हणून दोनदा अमेरिकेची चक्कर झाली, आणि दोन्ही वेळा मी न्यूयॉर्क न बघता अ‍ॅशफॉल बघून आले. तेव्हापासून मॉर्निंग वॉकमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या ठेल्यापाशी, जिथे भेटतील तिथे लोक तेच तेच विचारून राहिले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला त्यामुळे सांगायला मला आवडतंच, पण किती वेळा सांगणार, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हे अ‍ॅशफॉल म्हणजे आहे तरी काय?

पूर्ण नाव अ‍ॅशफॉल फॉसिल बेड्स. अमेरिकेच्या मधोमध नेब्रास्का नावाचं राज्य आहे, त्याच्या ईशान्येला रॉयल नावाचं एवढुसं गाव, आणि त्या गावाजवळ मक्याच्या शेतांमध्ये ही जागा. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी इथे एक पाणवठा होता. ज्वालामुखीची राख पडली, जनावरं पाणवठ्यावर येऊन मेली, राखेनेच त्यांना झाकलं, आणि ती जशी पडली तशीच्या तशी आजही आडवी आहेत. ह्या "तशीच्या तशी"साठीच जायचं. म्युझियममध्ये सांगाडा तारेने बांधून उभा केलेला असतो, इथे तो निजलेला आहे, मान वळवून, पाय पोटाशी घेऊन.

डायनासोर आहेत ना तिथे? नातवाला डायनासोरच बघायचेत.

नाहीत. एकही नाही. डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, त्यानंतर पाच कोटींहून जास्त वर्षांनी ही राख पडली. इथे सगळा कारभार सस्तन प्राण्यांचा: गेंडे, घोडे, उंट, सुळेवाली हरणासारखी छोटी जनावरं, शिवाय कासवं आणि पक्षी. नातवाला हे घरूनच सांगून न्या, नाहीतर पार्किंगमध्ये भोकाड. आमच्याकडे तेच झालं, मग गेंड्याच्या पिल्लाचा सांगाडा दिसल्यावर गप बसला.

अमेरिकेत गेंडे? काहीतरीच काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा. हो, होते, आणि भरपूर होते. आपल्या डोक्यात गेंडा म्हटलं की काझीरंगा नाहीतर आफ्रिका, पण उत्तर अमेरिकेत गेंडे कोट्यवधी वर्षं नांदले आणि साधारण पन्नास लाख वर्षांपूर्वी संपले. अ‍ॅशफॉलच्या गेंड्याचं नाव टेलिओसेरस. पाय आखूड, पोट पिंपासारखं, नाकावर छोटंसं शिंग. लांबून बघाल तर गेंडा कमी आणि पाणघोडा जास्त वाटेल असा बांधा. नराचे खालचे सुळे चांगले मोठे असतात, त्यावरून नर-मादी ओळखता येतात. असे शंभरावर गेंडे ह्या एका जागी सापडलेत.

आणि ऐका, उंट आणि घोडे हे तर मूळचेच तिकडचे. उंटांचं कूळ उत्तर अमेरिकेत वाढलं, तिथून आशियात आलं, मग आपण त्याला राजस्थानचं करून टाकलं. घोडेही तिथेच घडले, जगभर पसरले, पण घरच्या मातीत साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपले आणि पुढे स्पॅनिश लोकांनी जहाजातून परत नेले. अ‍ॅशफॉलला पाच जातींचे घोडे मिळालेत, त्यात तीन बोटांचेही आहेत. मधलं बोट मोठं, बाजूला दोन बारकी. ते बाजूचं बारकं बोट बघायला मी रेलिंगवर इतकी वाकले की जावई म्हणाले, आई, तुम्ही पण फॉसिल व्हाल.

मेले कसे सगळे? लाव्ह्यात भाजले का?

नाही हो, लाव्हा तिथे आलाच नाही. ज्वालामुखी होता आजच्या आयडाहो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्रुनो-जार्बिज म्हणतात त्या भागाला, म्हणजे तिथून साधारण १,६०० किलोमीटर पश्चिमेला. अंदाज यावा म्हणून सांगते, श्रीनगरच्या पलीकडे स्फोट व्हावा आणि राख सीताबर्डीवर पडावी, असं. आज तिकडच्या यलोस्टोन पार्कच्या खाली, जमिनीच्या पोटात, जो तापलेला ठिपका आहे ना, त्याचाच हा जुना उद्योग. खंड वरून सरकत गेलं म्हणून तोंड बदलत गेलं.

आता राख म्हटलं की आपल्याला चुलीची राख आठवते, मऊ, बोटाला लागणारी. ही तशी नाही. ही काचेची पूड. खदखदत्या खडकातले बुडबुडे फुटून झालेले काचेचे कण, कडा धारदार. नेब्रास्कातली अशी राख खोदून एकेकाळी भांडी घासायच्या पावडरीत घालत, म्हणजे बघा किती खरखरीत असेल. आमची आजी राखेने पितळेचे डबे घासायची तेव्हा मला गंमत वाटायची, पण तीच वस्तू श्वासातून आत गेली तर?

तर तेच झालं. राख जमिनीवर पसरली, गवतावर बसली, वाऱ्याने उडत राहिली. जनावरं खाली मान घालून चरतात, प्रत्येक घासासोबत ती नाकातोंडात. पहिल्यांदा गेले पक्षी आणि कासवं, म्हणून त्यांची हाडं राखेच्या थरात सगळ्यात खाली. मग सुळेवाली छोटी जनावरं, मग घोडे आणि उंट. शेवटी गेंडे, कारण देह मोठा, फुफ्फुसं मोठी, त्यांनी दम धरला. त्यांच्या हाडांवर, पायाच्या नळ्यांवर, जबड्यावर खडबडीत नवं हाड वाढलेलं दिसतं. फुफ्फुस निकामी होत जातं तेव्हा शरीर असं करतं, आजच्या जनावरांतही हा आजार दिसतो. असं हाड वाढायला वेळ लागतो, एका दिवसाचं काम नाही. म्हणजे हे गेंडे दिवसेंदिवस, कदाचित काही आठवडे, खोकत, तापलेलं अंग घेऊन पाण्याशी येऊन बसले असणार. आपल्याकडे मे महिन्यात म्हशी डबक्यात बसतात तसे, फरक एवढाच की ते उठले नाहीत.

मग वाऱ्याने आणखी राख ओढून आणली आणि खोलगट पाणवठा भरून टाकला. वरून झाकण. म्हणून हाडं विखुरली नाहीत.

म्हणजे थर खालून वर वाचायचे?

हो, अगदी बरोबर विचारलंत (हे एका वॉकिंगवाल्या भाऊंनी विचारलं होतं, रिटायर्ड इंजिनीअर, मला फार आवडलं). तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा फक्त गेंडेच दिसतात कारण ते वर आहेत. मग नजर खाली नेत जायची.

हाडं खरी आहेत की प्लास्टरची?

खरी. आणि जागच्या जागी. गेंड्यांच्या वर एक मोठी शेड बांधली आहे, तिला ते राइनो बार्न म्हणतात, गेंड्यांचा गोठाच म्हणा ना. आधी छोटी होती, मग २००९ मध्ये मोठी झाली, आता १७,५०० चौरस फूट. आतून लाकडी पूल फिरवलाय, तुम्ही त्यावरून चालता आणि खाली सांगाडे. उन्हाळ्यात कॉलेजची पोरं तिथे बसून खोदत असतात, म्हणजे खोदत कसली, ब्रशने झटकत असतात. मी गेले तेव्हा एक मुलगी पालथी पडून एका बरगडीच्या दोन्ही बाजूंनी राख काढत होती, बारीक ब्रश, शेजारी डबडं, डबड्यात राख. मी अर्धा तास बघत होते, तेवढ्यात तिची बरगडी फार तर चार बोटं पुढे सरकली. घाई नावाला नाही. विचारलं तर पोरं हसून उत्तर देतात, लाजू नका.

एक गोष्ट आवर्जून शोधा. जिभेच्या मुळाशी नाजूक हाडं असतात, सहसा ती कुठेच सापडत नाहीत, सगळ्यात आधी हरवतात. इथल्या गेंड्यांत ती घशापाशी तशीच आहेत. आणि काहींच्या तोंडात, दातांत गवताचं बी. शेवटचा घास. ते बी कोणत्या गवताचं हे सुद्धा ओळखता आलंय.

हे शोधलं कोणी?

माइक वूरहीज नावाचे शास्त्रज्ञ, त्याच भागात वाढलेले. १९७१ मध्ये एका शेताच्या कडेच्या ओघळीतून चालत होते, पावसाने माती धुऊन गेलेली, तिथे गेंड्याच्या पिल्लाची कवटी बाहेर डोकावत होती. ओढून बघतात तर मागे मान, मानेमागे अख्खं पिल्लू. मग १९७७ पासून मोठं खोदकाम झालं, १९९१ मध्ये लोकांसाठी पार्क उघडलं, २००६ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. पहिल्या खोदकामातले बरेच सांगाडे लिंकन शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये नेलेत, पण नंतर त्यांनी ठरवलं की बाकीचे हलवायचे नाहीत. माझ्या मते ह्या सगळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

जायचं कसं? बस, ट्रेन काही आहे का?

विसरा. गाडीच पाहिजे. ओमाहाहून साधारण तीन तास. हायवे २० वर रॉयल आणि ऑर्चर्डच्या मधून उत्तरेला वळायचं, मग सहा मैल. नागपूरहून ओमाहाला थेट विमान नाही हे सांगायला नकोच, दिल्ली नाहीतर मुंबई, मग तिकडचं एखादं मोठं विमानतळ, मग ओमाहा. डेन्व्हरवाले लोक विचारतात, त्यांना एवढंच सांगते की जाण्यातच दिवस जाईल, मुक्कामाने जा.

रस्ता कंटाळवाणा आहे असं सगळे म्हणतात. मला नाही वाटला. हिंगणघाट-वणीकडे कसं कापूस-सोयाबीन क्षितिजापर्यंत जातं, तसा मका-सोयाबीन, फक्त मधे माणूस नाही, टपरी नाही, बैल नाही. पठार सपाट, आणि मग अचानक वर्डिग्री क्रीकचा उतार येतो, झाडं येतात, तिथेच हे.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं, थंडीत बंद. आणि त्यातही सीझनच्या सुरुवातीला नि शेवटी वार आणि वेळा बदलतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघाच. आमची पहिली ट्रिप ह्यातच गेली. जावयांनी सुट्टी काढली, आम्ही आरामात नाश्ता करून निघालो, मधे एका तळ्याशी थांबलो, फोटो, आणि पोचलो तेव्हा बंद व्हायला पाऊण तास. चूक आमचीच. पाऊण तासात शंभर गेंडे म्हणजे दीक्षाभूमीला विजयादशमीच्या गर्दीत धावत दर्शन. म्हणून दुसऱ्या वर्षी परत गेले.

ती कॉलेजची पोरं खोदताना बघायची असतील तर जून-जुलै. ऊन असतं, तिकडचे लोक हाश्शहुश्श करतात, आपल्याला काय, नागपूरचा मे बघितलेला माणूस तिथे स्वेटर शोधेल. फक्त दुपारनंतर वादळ-गारांचा अंदाज बघून घ्या, त्या मैदानात आडोसा नाही.

तिकीट?

दोन वेगळे पैसे लागतात हे लक्षात ठेवा: गाडीचा पार्क परमिट वेगळा, माणशी तिकीट वेगळं. आकडा लिहत नाही, दर बदलतात.

किती वेळ पुरतो?

दोन तास तरी. तीन असतील तर उत्तम. व्हिजिटर सेंटरमध्ये आधी जा, तिथे हाडं साफ करायची लॅब काचेतून दिसते, मग बार्न, मग बाहेरच्या पायवाटेने एक चक्कर. उलट केलं तर काय बघतोय ते कळत नाही.

माझे गुडघे गेलेत, जमेल का?

जमेल. बार्नमधला पूल व्हीलचेअरने जाता येईल असा आहे. बाहेरची पायवाट चढ-उताराची आहे, ती सोडा, काही बिघडत नाही. मी बार्नमध्येच एका जागी टेकून खूप वेळ बसले आणि खरं तर त्यामुळेच जास्त दिसलं. फिरत राहिलं की नुसते "किती हे गेंडे" होतं. बसलं की कळतं, हे एक मोठं, त्याच्या पोटाशी ते छोटं, आई आणि पिल्लू, आणि पिल्लाची मान तिच्याकडेच.

खाण्यापिण्याचं काय? व्हेज मिळतं का?

घरून न्या. तिखटामिठाच्या पुऱ्या, लोणचं, संत्री मिळाली तर संत्री (आपल्यासारखी नसतात, पण चालतं). पिकनिकची जागा आहे. आसपासची गावं इतकी लहान आहेत की पेट्रोलपंपावरच्या चिप्सवर दिवस काढावा लागेल. बार्नमध्ये खायचं नाही, हे सांगावं लागतं कारण आपल्यातल्याच एका काकांनी पर्समधून चिवडा काढला होता. कोणाच्या पर्समधून ते विचारू नका.

इंग्रजी फाडफाड येत नाही, कळेल का?

बोर्ड सोपे आहेत आणि अर्धी गोष्ट डोळ्यांनीच कळते. जायच्या आधी चार शब्द मुलांकडून समजून घ्या, राखेला काय म्हणतात, गेंड्याला काय म्हणतात, बस.

तेव्हा नेब्रास्का कसं होतं? आतासारखं थंड?

नाही. हिवाळा इतका कडक नव्हता. त्या काळच्या थरांमध्ये ह्या पट्ट्यात मोठमोठी कासवं सापडतात, आणि मोठं कासव बिळात शिरून थंडी काढू शकत नाही, म्हणजे गोठवणारी थंडी नसणार. गवताळ रान, मधून मधून झाडं, आफ्रिकेत दिसतं तसं. तुरेवाले क्रौंच, म्हणजे डोक्यावर मुकुट असलेले क्रेन, ते पण इथे राखेत मिळालेत आणि आज ते फक्त आफ्रिकेत उरलेत.

मांसाहारी कोणीच नव्हते का?

होते की. हाडं फोडून खाणारे कुत्र्यांच्या कुळातले मोठे प्राणी होते. काही सांगाड्यांवर त्यांचे दात लागलेत. म्हणजे राख पडल्यानंतरही कोणीतरी जिवंत होतं, उपाशी होतं, फिरत होतं.

एखादं छोटं हाड आठवण म्हणून आणता येईल?

अजिबात नाही. उचलायचं तर सोडाच, रेलिंगच्या आत हात घालू नका. हाडं ठिसूळ आहेत, त्यांना टिकवायला वरून औषध लावावं लागतं.

एवढं लांब कशाला? आपल्याकडे काहीच नाही का?

आहे ना! आणि हे विचारणारे लोक टाकळीच्या बाजूने रोज स्कूटर नेतात, त्यांना माहीतच नसतं. नागपूर बसलंय दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व काठावर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहिला, मधल्या शांततेत तळी झाली, त्यात गोगलगायी, मासे, झाडं, आणि पुन्हा वरून लाव्हा. टाकळीचे असे थर जगभरच्या पुस्तकांत गेलेत. त्यातले जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप, आपण ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो ते, मिशनरी होते आणि दगडांचे वेडे. १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना नदीत बुडून गेले.

आता सस्तन प्राण्यांचं. तेलंगणात नास्कल नावाचं ठिकाण आहे, तिथल्या लाव्ह्यांमधल्या अशाच थरात उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले, १९८८ मध्ये त्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. आमच्या हिस्लॉपच्या नावाने! मी वर्गात हे सांगायची तेव्हा पोरांना वाटायचं बाई थापा मारून राहिल्या.

आणि वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथे डायनासोरांची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळतं. त्या शेणात २००५ मध्ये गवताचे कण सापडले, त्याआधी समज असा की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच म्हणा. म्हणजे गवताची एक साक्ष वरोऱ्याच्या शेणात, आणि दुसरी नेब्रास्कात गेंड्याच्या दातांत. मला तिथे बार्नमध्ये बसून पिसदुराच आठवलं.

राखही आपल्याकडे आहे. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीची, मध्यप्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात तिचा थर दिसतो.

पण खरं सांगायचं तर अ‍ॅशफॉलसारखं, जागेवर छप्पर घालून, पूल बांधून, बोर्ड लावून ठेवलेलं आपल्या आसपास मी बघितलेलं नाही. पिसदुरा म्हणजे शेत आहे, तिथे जाऊन दगड उचलू नका, शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तर पाय पण ठेवू नका. निघायच्या आधी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या म्युझियममध्ये, एक चक्कर मारा, मग तिकडे जा, डोळा तयार होतो.

फक्त ह्यासाठी नागपूरहून अमेरिकेला जावं का?

नाही, वेडे व्हा पण इतके नाही. पोरं ओमाहा, लिंकन, सू सिटी, सू फॉल्स ह्या भागात असतील तर मात्र एक दिवस काढाच. आणि लिंकनला जाणं झालंच तर मॉरिल हॉल म्युझियम सोडू नका, तिथे हत्तींचं अख्खं दालन आहे आणि आर्ची नावाचा भलामोठा मॅमथ उभा आहे, त्याच्या पायाशी माणूस म्हणजे अक्षरशः मुंगळा. दोन्ही एका दिवसात मात्र कोंबू नका. पाऊण तासाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

फोटो पाठवा ना?

पाठवते. पण फोटोत ते सगळं राखाडीवर राखाडी दिसतं, आधीच सांगून ठेवते. आमच्या ह्यांनी बघून विचारलं, सिमेंट सांडलंय का.